कोच ठेवायचा की काढायचा? मुंबई सिटी आणि गोव्याचा हिशोब

हेडफोन लावा, आज जरा भांडणाचा विषय आहे.

आपली टीम दोन-तीन मॅच ओळीने हरली की फॅन्समध्ये दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कोचला घरी पाठवा. दुसरा म्हणतो, जरा थांबा, वेळ द्या. मी न्हावा शेवाला राहतो, बंदरातला कंटेनर कुठे पोचला ते दाखवणारं सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कँटीनमध्ये मुंबई सिटी एफसीवरून हा वाद सुरू झाला की डबे संपतात, वाद संपत नाही. म्हणून आज तावातावाने बोलण्याआधी सरळ जुना रेकॉर्ड उघडून बघू.

क्लब २०१४ चा. पहिले दोन सीझन घरचं मैदान नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, म्हणजे आम्हा न्हावा-उरणवाल्यांना अगदी शेजारचं. पहिला कोच पीटर रीड, इंग्लंडकडून वर्ल्ड कप खेळलेला. आठ टीममध्ये आपण सातवे. २०१५ ला निकोला आनेल्का. कोचही तोच, खेळाडूही तोच. आपण सहावे. तेव्हा आयएसएल दोन-अडीच महिन्यांत आटपायची. दर वर्षी नवा कोच हा तेव्हा निर्णय कमी आणि रिवाज जास्त होता.

२०१६ ला क्लब अंधेरीच्या मैदानावर गेला आणि कोच म्हणून अलेक्झांद्रे गिमारायेस आला. कोस्टा रिकाला २००२ आणि २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये घेऊन गेलेला माणूस. टीममध्ये उरुग्वेचा दिएगो फोर्लान. १४ मॅचमध्ये २३ पॉइंट्स, टेबलमध्ये पहिला नंबर, मग सेमीफायनलला एटीकेकडून हार. आता सांगा, असा कोच कोण काढेल? क्लबनेही ठेवला. पुढच्या सीझनला दहा टीममध्ये आपण थेट सातवे!

काय झालं? फोर्लान गेला होता. लीग लांबली होती. मैदानावर एका वेळी सहाऐवजी पाचच परदेशी खेळाडू, असा नियम आला होता. नाव तेच, पण त्याच्या हातातलं सामान बदललेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चला गोव्याला, कारण या वादातली सगळ्यात भारी केस तिथली आहे. एफसी गोवाचा कोच होता स्पेनचा सर्जिओ लोबेरा. २०१७ पासून तिथे होता. छोटे छोटे पास, भरपूर गोल, लोक खूश. २०१९-२० च्या सीझनपासून टेबलमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमला लीग शील्ड आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजचं तिकीट मिळणार होतं. जानेवारी २०२० संपत आला, लीगच्या तीन मॅच उरल्या, गोवा पहिल्या नंबरवर. आणि क्लबने लोबेराला काढलं!

फॅन्स चक्रावले. पहिल्या नंबरवरच्या टीमचा कोच कोण काढतं? पण पुढे बघा. गोव्याचाच क्लिफर्ड मिरांडा हंगामी कोच झाला. हैदराबादला ४-१, आपल्या मुंबईला ५-२, जमशेदपूरला ५-०. तीन मॅच, चौदा गोल, शील्ड गोव्याची, आणि आशियाई ग्रुप स्टेजला जाणारा पहिला भारतीय क्लब म्हणून नाव. 'काढा' पक्ष म्हणणार, बघा! मग सेमीफायनलला चेन्नईयिनकडून दोन मॅचची बेरीज ५-६ अशी हार. 'ठेवा' पक्ष म्हणणार, बघा!

खरी गंमत त्यानंतरची. लोबेरा आला मुंबईला. पाठोपाठ गोव्याची जुनी मंडळी आली: मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बूमू, मंदार राव देसाई. २०२०-२१ चा सीझन कोविडमुळे पूर्ण गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. म्हणजे मुंबईचा सगळ्यात भारी सीझन मुंबईकरांनी फोनवर बघितला. सेमीफायनल कोणाशी? गोव्याशीच. २-२, मग ०-०, मग पेनल्टी शूटआउटमध्ये मुंबई ६-५. शेवटची पेनल्टी मारली गोव्याच्याच रॉलिन बोर्जेसने. १३ मार्च २०२१ ला फायनलमध्ये ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, एटीके मोहन बागानवर २-१. शील्ड आणि ट्रॉफी एकाच सीझनला.

मग लोबेरा जादूगार होता का? चांगला कोच होताच. पण तो एकटा आला नव्हता. त्याची पद्धत अंगवळणी पडलेले चार खेळाडू सोबत होते आणि मागे पैसा होता, कारण २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने आपल्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. आपण कोच ठेवा किंवा काढा म्हणतो तेव्हा एका माणसाबद्दल बोलतो. क्लब बदलतो ते अख्खं पॅकेज.

माझ्या कामातलं उदाहरण देतो. सर्व्हरवर लोड वाढला, कोणीतरी रीस्टार्ट मारला, दहा मिनिटांत सगळं सुरळीत. पण लोड त्या वेळी तसाही उतरणार होता का? हे रीस्टार्ट न मारलेल्या सर्व्हरकडे बघितल्याशिवाय कळत नाही. बास टेर वील या डच अर्थशास्त्रज्ञाने फुटबॉलमध्ये नेमकं हेच केलं. १९८६ ते २००४ ची डच लीग घेतली. घसरल्यावर कोच बदललेल्या टीम एकीकडे, तशाच घसरूनही कोच न बदललेल्या दुसरीकडे. दोन्ही जवळपास सारख्याच सावरल्या. कोच काढला जातो तो सगळ्यात वाईट दिवसांत, आणि त्या दिवसांनंतर बरे दिवस बऱ्याचदा आपोआप येतात.

'ठेवा' पक्षाचं हुकमी पान म्हणजे अॅलेक्स फर्ग्युसन. १९८६ ला मँचेस्टर युनायटेडला आला, पहिला कप १९९० ला. खरं आहे. पण वेळ देऊनही ज्यांचं काहीच झालं नाही, त्या कोचची नावं कोणाला आठवतात?

आपल्याकडची केस जास्त उपयोगाची आहे. ऑक्टोबर २०२१ ला लोबेरा ग्रुपमधल्याच कामासाठी गेला आणि डेस बकिंगहॅम आला. पहिला सीझन पाचवा नंबर, सेमीफायनल नाही. आदल्या वर्षीचे चॅम्पियन आपण, बोंब तर होणारच. पण एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. कोच टिकला. पुढच्या सीझनला सलग १८ मॅच अपराजित, २० मॅचमध्ये ४६ पॉइंट्स, शील्ड आपली, तीही गोव्यात गोव्याला ५-३ हरवून.

गिमारायेस पहिला आला आणि ठेवला, फसला. लोबेरा पहिला असताना काढला, दुसरीकडे दोन कप जिंकला. बकिंगहॅम पाचवा आला आणि ठेवला, रेकॉर्ड केला. टेबलमधला नंबर बघून यातलं एकही उत्तर आधी देता आलं नसतं. म्हणून पुढच्या वेळी वाद घालताना नंबर बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. गोलच्या संधी तयार होतायत का? कोचला हवे ते खेळाडू मिळालेत का? आणि त्याला काढलं तर त्याच्यासोबत कोण कोण जाणार?

एक शेवटची गोष्ट, आणि ही जरा गंभीर आहे. मार्च २०२५ मध्ये पीटर क्रात्कीची मुंबई बंगळुरूकडून ५-० अशी हरून बाहेर पडली, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. जुलैमध्ये आयएसएलच चालवणाऱ्या कंपनीने नवा सीझन थांबवून ठेवला, कारण फेडरेशनबरोबरच्या कराराचं पुढे काय, हेच ठरलेलं नव्हतं. २०२५ संपेपर्यंत लीग सुरूच झाली नाही, आणि डिसेंबरमध्ये सिटी ग्रुपने आपला हिस्सा सोडला. त्या महिन्यांत आमच्या कँटीनमध्ये कोचचं नावही कोणी काढलं नाही. क्लब राहणार का, एवढंच बोलणं.

मुंबईने हे आधी बघितलंय. महिंद्रा युनायटेडने डेरिक परेराच्या हाताखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये कंपनीने क्लबच बंद केला. कोच चांगला की वाईट, हा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नाही. फॅन्सना मत नव्हतं, आजही नाही. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये बहुमत सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे. आपल्याकडे मालक उठला की संपलं.

म्हणून कोचवरून जरूर भांडा, पण तेवढाच जोर लावून क्लबला हेही विचारा की मालक बदलला तर आमचं काय. तुमच्या मते मुंबईचा सगळ्यात चुकीचा कोच-निर्णय कोणता? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. चला, भेटू!