ढेपेतली बुरशी दुधात कशी येते? आणि तपासणीची पट्टी उलटी का वाचायची?

वरूडची ओळख संत्र्याची. पण तालुक्यात कपाशीही होते, आणि कपाशी आली की सरकीची ढेप आलीच. दुभत्या जनावराला ती लागतेच. मात्र ओल लागलेल्या ढेपेत वाढणाऱ्या बुरशीचं विष थेट आपल्या चहाच्या दुधापर्यंत पोहोचू शकतं.

अफ्लाटॉक्सिन म्हणजे काय?

अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी सरकी, शेंगदाणा, मका, सुकी मिरची यांवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार करते. यातला बी1 प्रकार सर्वात घातक. त्याने यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. 1974 मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाऊन 100 हून जास्त माणसं दगावली होती.

जनावराने बी1 असलेली ढेप खाल्ली की शरीरात त्याचं एम1 होतं आणि ते दुधात उतरतं. दूध उकळूनही ते जात नाही. भारतात दुधात एम1ची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हजार किलो दुधात अर्धा मिलिग्रॅम! एफएसएसएआयने 2018 मध्ये देशभरातून घेतलेल्या 6,432 नमुन्यांपैकी 368 नमुने या मर्यादेपुढे गेले.

एवढंसं विष सापडतं कसं?

अँटिबॉडीमुळे. अफ्लाटॉक्सिनचा रेणू इतका लहान असतो की शरीर त्याची दखलच घेत नाही. म्हणून तो एखाद्या प्रथिनाला जोडून प्राण्याला टोचतात. मग त्या विषाला नेमकं ओळखणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. एलायझा किट आणि झटपट पट्टी, दोन्ही यावरच चालतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने अशी स्वस्त एलायझा चाचणी विकसित केली आहे.

रेघ दिसली तर काय समजायचं?

इथेच गफलत होते. कोरोनाच्या किटवर दुसरी रेघ दिसली की आजार. इथे उलट! पट्टीवर आधीच थोडं विष लावलेलं असतं. नमुना स्वच्छ असेल तर अँटिबॉडी त्याला चिकटतात आणि रेघ उमटते. नमुन्यातच विष असेल तर अँटिबॉडी आधीच अडकतात, म्हणून रेघ फिकट होते किंवा येतच नाही. एलायझातही तेच: रंग जितका कमी, तितकं विष जास्त. कंट्रोलची रेघ मात्र दिसलीच पाहिजे. नाहीतर चाचणी बाद.

मग एक पट्टी पुरे का?

नाही. दुधात विष सगळीकडे सारखं मिसळतं, पण ढेपेत ते ठिकठिकाणी असतं. एका पोत्यातली मूठभर ढेप चांगली निघाली म्हणून सगळा माल चांगला ठरत नाही. अनेक पोत्यांतून थोडी-थोडी ढेप घ्या, दळून एकत्र करा, मगच तपासा. शंका आली तर प्रयोगशाळेतल्या एचपीएलसी चाचणीने खात्री करता येते.

घरी काय करता येईल?

ढेप जमिनीवर नको, फळीवर ठेवा. पावसाळ्यात मोठा साठा टाळा. बुरशीचा वास आला तर ती ढेप जनावराला देऊ नका. पण वास नाही म्हणजे विष नाही, असंही समजू नका. चांगली गोष्ट म्हणजे, दूषित खाद्य बंद केलं की काही दिवसांत दुधातलं एम1 झपाट्याने उतरतं.