पेशवाईतलं कुलूप

आमच्या बळदाच्या दाराला पितळी कुलूप होतं. अंगावर वेलबुट्टी, किल्लीच्या भोकावर सरकतं झाकण. आजा सांगायचा, पेशवाईतलं आहे. वाटणीच्या वेळी थोरल्या चुलत्यांनी ते कुलूप घेतलं आन् त्यापायी धाकला बैल माझ्या बापाला सोडला.

चुलते गेले. यंदा दिवाळीत चुलतीनं ते माझ्याकडं घासायला दिलं. चिंचेनं चोळलं, तर कडीखाली बारीक इंग्रजी अक्षरं निघाली : मेड इन जर्मनी. माझं दहावीचं इंग्रजी तेवढ्याला पुरलं. परदेशी मालावर असा शिक्का सर्रास पडू लागला तो इंग्रजांच्या १८८७ च्या कायद्यापासून. पेशवाई तर १८१८ लाच बुडालेली!

नक्षीवर जाऊ नये. एक साचा केला की ती हवी तेवढी निघते. गावठी कुलपं निराळी. जाड लोखंडाची, किल्ली मळसूत्रासारखी फिरवत आत घालायची. पण तसली कुलपं लोहार पुढंही कैक वर्षं घडवत होते, म्हणून नुसत्या घडणीवरूनही साल ठरत नाही. आधी शिक्का हुडकावा.

चुलतीनं इचारलं, "किती जुनं निघालं रं?"

"लई जुनं, काकू," म्हणालो, आन् शिक्क्याची बाजू खाली करून तिच्या हातात दिलं.