चिकटविणे आणि सोडविणे

ठाण्याला आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत गेली, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून साऱ्या हिंदुस्थानात चालणारी टपालाची तिकिटे निघाली. कल्याणकरांना दोन्ही नवलाया एकाच वर्षी लाभल्या म्हणा ना! पण त्या तिकिटांच्या तावावर आजच्यासारखी छिद्रे नव्हती. कात्री घ्यायची आणि एकेक तिकीट कापायचे.

हेन्री आर्चर या गृहस्थाने १८४७ साली इंग्लंडच्या टपाल खात्यापुढे यंत्राने ताव छेदण्याची योजना मांडली. त्यातूनच पुढे छिद्रांची पद्धत रूढ झाली. कागद कुठे फाटायचा, हे हाताऐवजी छेद ठरवू लागला.

तेच तत्त्व आपल्या घरात आहे. पूर्वी कपाळाला आधी मेण लावीत, मग कुंकू. आता टिकलीचे पाकीट आले. त्यात टिकलीभोवतीची चीर टिकली कापते, पण खालच्या गुळगुळीत कागदाला धक्का लावीत नाही. म्हणून टिकली नखाने अलगद निघते.

चिकटपट्टीचे दुखणे मात्र निराळे. घट्ट बसेल ती निघत नाही. सहज निघेल ती टिकत नाही. भिवंडीच्या गोदामातले खोके वाटेत उघडता कामा नये. पण म्हाताऱ्या माणसाच्या जखमेवरची पट्टी काढताना कातडी सोलवटता कामा नये. दोन्ही कशी साधायची?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात मायकेल बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली याचे उत्तर डिंकात नव्हे, चिरेत शोधले. साधी पट्टी ओढली की सारा जोर सुटण्याच्या रेषेवर एकवटतो आणि ती रेषा सरसर पुढे सरकते. पट्टीत वळणदार चिरा पाडल्या की ती अडते. पुढचा भाग सुटायला तिला उलटे मागे यावे लागते, आणि त्याला जोर फार लागतो. अशा पट्टीची पकड सुमारे ६० पटींपर्यंत वाढली. गंमत अशी, की दुसऱ्या बाजूने ओढली तर तीच पट्टी सहज निघते.

वाचकहो, कापले म्हणजे वस्तू दुबळी झाली असे आपण धरून चालतो. तिकिटापासून पट्टीपर्यंतचा हा इतिहास सांगतो, की कुठे आणि कसे कापले यावर सारे अवलंबून आहे.