सात दिवसांचा चिल्ला

गवयांच्या चरित्रांत एक शब्द हमखास भेटतो, चिल्ला. फारसीत 'चिहिल' म्हणजे चाळीस. सूफी साधक चाळीस दिवस एकांतात बसत, त्यावरून आलेला हा शब्द. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या घराण्यांनी तो आपलासा केला. एका खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचं आणि चाळीस दिवस फक्त रियाज! वाचताना अंगावर काटा येतो खरा, पण मला आपला दर वेळी एकच प्रश्न पडतो. त्या चाळीस दिवसांत भाकऱ्या कोण थापत होतं?

हसू नका मंडळी, प्रश्न साधा नाही. मी सोलापुरात शाळेत शिकवते, वय ५४. गाणं हौसेचं, गंधर्वच्या प्रवेशिकेपर्यंत जाऊन थांबलेलं. चाळीस दिवस सोडा, सलग चार तास मिळवायचे तरी घरात आधी आठ दिवस बोलणी करावी लागतात. मग माझ्यासारख्यांनी चिल्ल्याचं नावच काढू नये का?

यासाठी जरा मागे जावं लागेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शास्त्रीय गाणं शिकायचं तर गंडा बांधून गुरूच्या घरी राहायचं, त्याची सेवा करायची, चीज कधी मिळेल ती वाट बघायची. नोकरदाराला हे जमणं कठीण, आणि घरंदाज बाईला तर गाण्याचं दारच बंद. कुरुंदवाडात जन्मलेले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णू दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, क्रमिक पुस्तकं, स्वरलिपी! गाणं शाळेच्या बाकावर आलं. १९३१ साली बुवा गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापलं. माझी ती प्रवेशिका त्या मंडळाचीच.

दुसरे विष्णू, म्हणजे भातखंडे, पेशानं वकील. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत ते शिकायला गेले ते हौशी म्हणूनच. पुढे देशभर हिंडून त्यांनी शेकडो चिजा जमवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. घराण्यांच्या पेटीत कुलूपबंद असलेली चीज आता टपालानं कुणाच्याही घरी येऊ शकत होती. पण भातखंड्यांचंही एक ध्यानात ठेवायला हवं. १९०० साली पत्नी आणि १९०३ साली मुलगी गेल्यावर त्यांनी स्वतःला या कामात पूर्ण झोकून दिलं. त्यांना मिळालेला एकांत त्यांनी मागितलेला नव्हता.

म्हणजे पुस्तक घरी आलं, पण ते उघडून बसायची सवड कशी काढायची हे कुणी सांगितलं नाही. ते उत्तर मला गाण्याच्या इतिहासात सापडलं नाही, आमच्या देवघरात सापडलं. गुरुचरित्राचा सप्ताह! सात दिवस, ठरलेली वेळ, ठरलेली बैठक, साधं जेवण, आणि घर चालूच. पारायणाला बसलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही, कारण नियम सगळ्यांना ठाऊक असतात. चिल्ला फकिराचा, सप्ताह प्रापंचिकाचा. आपल्याकडे प्रापंचिकाच्या एकांताची रीत तयारच होती की..

दिवाळीच्या सुट्टीत मी तसाच सप्ताह मांडला. राग एकच, यमन. पहाटे साडेपाचला खर्ज, सकाळी तासभर भातखंड्यांची स्वरलिपी, दुपारी एकच ध्वनिमुद्रण दोनदा ऐकायचं, आणि दिवेलागणीनंतर यमन, कारण त्याची वेळच रात्रीच्या पहिल्या प्रहराची. फोन कपाटात. भाकरीचा प्रश्न आधीच सोडवला. सकाळचा स्वयंपाक ह्यांनी घेतला, रात्रीचा मुलानं. पिठलं थोडं करपलं, पण सप्ताह मोडला नाही.

फोनमध्ये तानपुरा असतो, तरी मी आत्याचा जुना मिरजेचा तानपुरा काढला. मिरजेत शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याला लागणारा तो मोठा, जाड सालीचा भोपळा पिकतो आमच्या सोलापूर जिल्ह्यात, भीमेकाठी, बेगमपूर-पंढरपूरच्या बाजूला! ज्वारीच्या या रखरखीत मुलखाचा सुराशी संबंध काय, असं विचारणाऱ्याला हे जरूर सांगावं. आपल्या मातीतला भोपळा मिरजेला जातो आणि गात परत येतो.

बाहेर पूर्व भागातल्या मागांची खटखट चालूच होती. पहिल्या दिवशी तिचा त्रास झाला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की ती कधी घाई करत नाही, आणि मी करते.

आता खरं सांगायचं ते. या वर्षी माझा तारसप्तकातला गंधार लागेनासा झाला. पन्नाशीनंतर बायकांचा आवाज उतरतो हे ठाऊक होतं, पण आपला उतरताना ऐकणं वेगळं. सप्ताह मांडला तो त्याच भीतीनं, की थोडे दिवस उरलेत, तेवढ्यात गाऊन घ्यावं. चौथ्या दिवशी काळी चार सोडून काळी दोन केली. तारा उतरवल्या, जव्हारीचा दोरा सरकवून पुन्हा जागेवर आणला. वरचा गंधार तरीही कापरा. पण खाली, मंद्रातल्या निषादावर, आवाज असा भरून उभा राहिला की मीच थांबले. हा सूर विशीत माझ्याकडे नव्हता. तेव्हा सगळं लक्ष वर चढण्याकडे असायचं.

मोठ्या गवयांचे चिल्ले इतिहासात लिहिले गेले, ते योग्यच आहे. पण त्यांचं गाणं टिकलं ते घरोघरी अर्धंमुर्धं गाणाऱ्यांनी रात्र-रात्र ऐकलं म्हणून, आणि कुणीतरी चूल सांभाळली म्हणून. पुढच्या दिवाळीत खोली मुलाची. त्याला तबला शिकायचाय. स्वयंपाक मी करीन.