मेंढपाळाचे नाव मिळालेला अष्टपाद

१/ आमच्या घोडेगावच्या रानात पिके निघाली की धनगरांचे वाडे उतरतात आणि शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतात. आजच्या विषयाशी त्यांचा संबंध लॅटिनमधून जुळतो. 'ओपिलिओ' म्हणजे मेंढपाळ.

२/ १७५८ साली लिनियसने काटकुळ्या, लांब पायांच्या एका जीवाला 'फॅलँजियम ओपिलिओ' हे नाव दिले. युरोपातील मेंढपाळ कळपावर नजर ठेवण्यासाठी उंच काठ्यांवर चालत, त्यावरून ते सुचले असे सांगतात. लिनियसने मात्र त्याची गणना कीटकांत केली! १८३३ मध्ये सुंदेवाल या स्वीडिश अभ्यासकाने 'ओपिलिओनीज' हा गण मांडला, तेव्हा या जीवांना स्वतःचे घर मिळाले.

३/ आपण त्यांना सरसकट कोळीच म्हणतो. परंतु कोळ्याचे शरीर कमरेशी आवळलेले असते, याचे एकसंध असते. याला विष नाही, रेशीम नाही, म्हणून जाळेही नाही. शिवाय कोळी भक्ष्याचा रस शोषतो, तर हा घन अन्नाचे तुकडे गिळू शकतो.

४/ भारतातील अभ्यासात पहिल्या पिढीतले एक ठळक नाव फर्डिनांड स्टोलिच्का यांचे. मोरावियात जन्मलेले हे गृहस्थ कलकत्त्यास भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जीवाश्मतज्ज्ञ होते. १८६९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी 'गॅग्रेला' ही प्रजाती प्रसिद्ध केली. १८७४ मध्ये यारकंदहून परतताना लडाखात त्यांचा अंत झाला. लेह येथे त्यांची समाधी आहे. पुढे १९०० साली ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालेत पोकॉक यांचा खंड आला. त्यात विंचू आले, कोळी आले. हे जीव वगळले गेले.

५/ मग आले जर्मनीचे कार्ल फ्रिडरिख रोवर. १९२३ चा त्यांचा जगभरच्या ओपिलिओनीजांवरील ग्रंथ अवाढव्य आहे. त्यांची पद्धत मोजणीची होती: पायाच्या टोकाशी सांधे किती, मांडीवर खोट्या सांध्यांच्या गाठी किती, पाठीवर काटा आहे की नाही. आकडा बदलला की प्रजाती बदलली. जनगणनेच्या रकान्यांत माणसे कोंबणारे साहेब मला इथे आठवतात. नात्यातले जीव दूर गेले, परके एका छपराखाली आले. ती गुंतागुंत अजून पुरती सुटलेली नाही.

६/ आज ज्ञात जाती ६,६०० हून अधिक असून हयात उपगण चार मानले जातात. रोवर यांचा संग्रह फ्रँकफुर्टच्या झेंकेनबर्ग संग्रहालयात आहे. म्हणजे सह्याद्रीतल्या जीवाची ओळख पक्की करायला अभ्यासकाला कित्येकदा जर्मनीच्या कपाटापर्यंत पोहोचावे लागते.

७/ पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळावर यांचा घोळका डुलताना दिसला, तर छायाचित्रात पाठीवरचा काटा आणि मांड्या स्पष्ट येऊ द्या. पाय मात्र ओढू नका. तो सहज तुटतो आणि पुन्हा उगवत नाही.