काळजाचा ठोका आणि श्वासाचा हिशेब

‘काळजाचा ठोका चुकला’ असें आपण सहज बोलून जातों. परंतु ह्या वाक्प्रचारांतील शब्द तपासूं लागलों म्हणजे एक चमत्कारिक अडचण पुढें येते. काळीज म्हणजे मूळ संस्कृत ‘कालेय’, अर्थात् यकृत. आणि यकृताला ठोका नसतो. आजही खाटकाच्या दुकानांत कलेजी मागितली तर यकृतच पदरांत पडतें. फारशींतून आलेला ‘जिगर’ हा शब्दही यकृताचाच. मग जो अवयव धडधडत नाहीं त्याला ठोका बहाल करणाऱ्या ह्या भाषेस हृदयाच्या स्पंदनाची ओळख नव्हती काय?

शब्द हीं इतिहासाचीं साधनें आहेत, ही दृष्टि आम्हां खानदेशवासीयांस इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं दिली. त्यांचा देह धुळ्यास १९२६ सालीं पडला. त्यांचा धातुकोश १९३७ त आणि नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ त धुळ्याच्याच मंडळानें प्रसिद्ध केला. त्या वाटेनें चार पावलें टाकिलीं तर असें दिसतें कीं आपल्या पूर्वजांनीं जीविताचा हिशेब ठोक्यांनीं मांडिला नाहीं. तो त्यांनीं श्वासांनीं मांडिला. ह्याचा उत्तम दाखला आमच्याच प्रांतांत सांपडतो.

चाळीसगांवच्या दक्षिणेस, डोंगराच्या पायथ्याशीं, पाटण नांवाचें जुनें स्थळ आहे. तेथील एका शिलालेखावरून कळतें कीं भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला आणि निकुंभ वंशांतील सोइदेवानें इ. स. १२०७ च्या सुमारास त्यास दान दिलें. लेख संस्कृतांत असून शेवटचा भाग मराठींत आहे. तो १८६५ सालीं विद्वानांपुढें आणिला डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं. नाडी पाहणें हाच ज्यांचा व्यवसाय, अशा गृहस्थाच्या हातून हा लेख उजेडांत यावा, हा योगायोग आम्हांस मोठा सुखद वाटतो.

आतां, त्या मठांत जो सिद्धान्तशिरोमणि शिकविला जावयाचा, त्यांत कालगणनेचें मूळ माप काय? दहा गुरु अक्षरें उच्चारण्यास लागणारा काळ तो एक असु, म्हणजे एक प्राण, एक श्वास. सहा प्राणांचें एक पळ, साठ पळांची एक घटिका, साठ घटिकांचा अहोरात्र. गुणाकार केला तर अहोरात्रांत २१,६०० श्वास येतात. एकेक श्वास आजच्या चार सेकंदांचा. वर्तुळाच्या कलाही ३६० अंशांस साठांनीं गुणून २१,६०० च. म्हणजे मनुष्य एक श्वास घेतो तेवढ्यांत आकाश एक कला फिरतें! स्वस्थ मनुष्य मिनिटाला साधारण पंधरा श्वास घेतो, हें आजचा वैद्यही मान्य करील. तेवढ्याच अवधींत हृदयाचे सत्तरबहात्तर ठोके पडतात, दिवसास लाखावर. परंतु त्यांची नोंद ह्या हिशेबांत कोठेंच नाहीं.

ह्याच २१,६०० श्वासांस योगमार्गी लोकांनीं अजपाजप म्हटलें. आणि योगायोग असा कीं खानदेशांत दुसराही एक चांगदेव आहे. तापी आणि पूर्णा ह्यांच्या संगमावर त्याचें गांव व मंदिर आहे. श्वास कोंडून त्यानें मृत्यूस चौदाशें वर्षें चुकविलें अशी कथा आहे, आणि त्या योग्याची गुरु झाली ती वयानें लहान मुक्ताबाई, जिचें स्थान त्याच टापूंत आहे. कथा इतिहास म्हणून कोणी घेणार नाहीं. तथापि आयुष्य श्वासांत मोजण्याची कल्पना लोकांच्या मनांत किती खोल रुजली होती, ह्याला तिच्याहून चांगला साक्षीदार मिळणें कठीण.

पण मग नाडीपरीक्षेचें काय, असें वाचक विचारतील. सुश्रुतानें हृदयाला अधोमुख कमळाची उपमा दिली आणि तें जागेपणीं उमलतें, झोपेंत मिटतें, असें सांगितलें. झोपेंत हृदयाची गति मंदावते हें लक्षांत घेतां ही उपमा अगदींच कविकल्पना म्हणतां येत नाहीं. परंतु नाडी पाहण्याचें शास्त्र चरक-सुश्रुतांत विस्तारानें नाहीं. तें शार्ङ्गधरसंहितेंत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास, स्पष्ट दिसूं लागतें. तेथें अंगठ्याच्या मुळाशीं असलेली नाडी ही जीवाची साक्षी मानिली आहे. वाताची नाडी जळू किंवा सर्पासारखी, पित्ताची बेडूक-कावळ्यासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी. वैद्य चाल ओळखीत असे. ठोके मोजीत नसे. मोजावयास मिनिटाचें घड्याळ लागतें, आणि तसें घड्याळ विलायतेंत जॉन फ्लॉयर ह्यानें १७०७ सालीं नाडीसाठीं मुद्दाम करवून घेतलें. तत्पूर्वीं १६२८ त हार्वेनें रक्त फिरतें असें सिद्ध केलें होतें, आणि पुढें १८१६ त पॅरिसच्या लेनेक नामक वैद्यानें कागदाची सुरळी करून ती एका स्त्रीच्या छातीला लाविली. तिलाच आपण आज स्टेथॉस्कोप म्हणतों. ही विद्या मुंबईस ग्रँट वैद्यक महाविद्यालयांत १८४५ पासून शिकविली जाऊं लागली, आणि भाऊ दाजी हे तेथील पहिल्या पदवीधरांपैकीं. ‘ठोका’ हा घणाचा आणि घड्याळाचा शब्द ह्या नव्या विद्येबरोबर छातींत शिरला असावा, आणि आंत जागा शोधतां शोधतां आधींच भावनेचें घर होऊन बसलेल्या काळजावर पडला असावा, असा आमचा तर्क आहे.

बहिणाबाई चौधरी ह्यांना ह्यांतील कांहींच ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. १८८० त असोद्यास जन्मलेल्या आणि जळगांवीं नांदलेल्या ह्या शेतकरी स्त्रीला अक्षरओळख नव्हती. त्या १९५१ त वारल्या. पुढील वर्षीं सोपानदेवांनीं त्यांचीं गाणीं छापविलीं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. त्यांतील एका गाण्यांत जगणें आणि मरणें ह्यांमधील अंतर श्वासानेंच मोजिलेलें आहे. पाटणच्या मठांतील गणकाचें माप जात्यावर बसणाऱ्या बाईच्या तोंडीं जसेंच्या तसें आढळावें, ह्याचें आम्हांस अजून नवल वाटतें.

ह्या शब्दांच्या गोष्टीला एक बाजू अशी आहे कीं जिच्यामुळें माणसें दगावतात. आमच्याकडील खेडूत हृदय बिघडलें तरी ‘दम लागतो’ असेंच म्हणतो, आणि तें पुष्कळदां बरोबरच असतें. दुबळ्या हृदयाची पहिली खूण श्वासांतच दिसते. उलट कादंबऱ्या वाचणारा सुशिक्षित हृदयाचें दुखणें डाव्या कुशींत, नेमक्या ठिकाणीं, कळ येऊन होईल अशी वाट पाहतो. प्रत्यक्षांत तें छातीच्या मध्यावर दडपण होऊन येतें, हातांत, जबड्यांत, पोटाच्या वरच्या भागांत उतरतें. स्त्रियांत आणि मधुमेह्यांत कधीं नुसती धाप आणि घाम. पित्त उठलें म्हणून ओवा चावीत तो घरीं बसतो आणि मोलाचा तास निघून जातो.

१९०७ त कीथ आणि फ्लॅक ह्यांनीं हृदयाचा ठोका जेथें उपजतो ती पेशींची लहानशी गांठ शोधून काढिली. मेंदूची आज्ञा नसतांही हृदय आपल्या तालावर चालतें, ह्याचें मर्म त्या गांठींत आहे. त्यामुळेंच मोठा पेच पडला. १९६८ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनीं एकाचें हृदय दुसऱ्यास बसविलें, तेव्हां ज्याचें हृदय चालू आहे त्यास मृत म्हणावें कीं काय, हें सांगणारा कायदा ह्या देशांत नव्हता. तो १९९४ त झाला. त्यानें मस्तिष्कस्तंभाचा मृत्यु हाही मृत्यु मानिला. त्या निदानांत एक कसोटी आहे. रुग्णाचा श्वास चालविणारें यंत्र कांहीं मिनिटें सोडवितात. प्राणवायु नळीनें चालू ठेवितात, आणि रक्तांतील कर्बवायु वाढूं देतात. छातीला कान लाविला तर ठोके स्वच्छ ऐकूं येत असतात. वैद्यांचें लक्ष मात्र तिकडे नसतें. ती छाती आपण होऊन एक तरी श्वास घेते काय, एवढेंच ते उभे राहून पाहात असतात.