फरसबंदी, कृष्णाकाठची
घडीव दगड किंवा फरशा जमिनीवर लगत बसवून व त्यांमधील दरजा चुन्याने भरून तयार केलेल्या पृष्ठभागास फरसबंदी म्हणतात. सातारा व सांगली जिल्ह्यांत वाई, मेणवली, संगम माहुली, सांगली इ. ठिकाणचे नदीघाट व मंदिरांची प्रांगणे ही तिची ठळक उदाहरणे होत. यांपैकी बरीचशी बांधकामे अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील असून ती पेशवाईतील सरदार व संस्थानिक यांच्या आश्रयाने झाली. माहुलीचे विश्वेश्वर मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधी यांनी १७३५ च्या सुमारास, तर वाईचे ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधविले. या दुसऱ्या मंदिराची मागील भिंत पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून माशासारखी निमुळती केलेली आहे. नदीला अडविण्यापेक्षा तिला वाट करून देणे, हेच धोरण फरसबंदीतही दिसते.

येथील काळा दगड म्हणजे दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट. घट्ट बेसाल्टात पाणी फारच थोडे मुरते. त्यामुळे दगडाच्या पृष्ठभागावर लेप देण्याची गरज जुन्या कारागिरांना भासली नाही. फरसबंदीचे मर्मस्थान दरज हे होय. दरजेतून शिरलेले पाणी खालचा भराव वाहून नेते, दगड खचतो आणि शेजारच्या दगडाचा आधार सुटतो. हे टाळण्यासाठी दगडांच्या कडा टाकीने नीट करून दरजा अरुंद ठेवीत आणि पृष्ठभागास नदीकडे किंचित ढाळ देत. मेणवली येथील नाना फडणीसांच्या वाड्यामागील घाटावर पायऱ्यांची अशी जुनी रचना पाहावयास मिळते.

दरजांसाठी चुनखडीचे खडे भाजून केलेला चुना वाळूसह बैलाच्या घाणीत मळीत. त्यात गुळाचे किंवा हिरड्याचे पाणी घालण्याची प्रथा होती. खड्यांतील चिकणमातीच्या अंशामुळे असा चुना ओलाव्यातही कठीण होतो. शिवाय तो दगडापेक्षा मऊ राहत असल्याने दगड थोडासा हलला, तरी झीज चुन्याची होते, दगडाची नव्हे. अर्थात चुना अधूनमधून पुन्हा भरावा लागतो. ही सततची देखभाल आश्रयदात्यांवर अवलंबून होती. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाल्यावर तो आधार राहिला नाही.

पोर्टलंड सिमेंट (एकस्व १८२४) प्रचारात आल्यावर दुरुस्तीस तेच वापरले जाऊ लागले. काठावर ते चुन्याची जागा घेऊ शकत नाही. कडक सिमेंटमुळे आतील ओल कोंडते, क्षार बाहेर फुटतात आणि दगडाच्या कडा उडतात. अलीकडील बंधक रसायनांचेही तसेच आहे. पृष्ठभागावर पापुद्रा धरणारा ॲक्रिलिक लेप अंगणातील काँक्रीटच्या ठोकळ्यांवर एक वेळ चालेल. घाटावर मात्र ओल जमिनीतूनही वर येत असल्याने तो फुगून पांढरा पडतो. दगडात मुरणारी सिलेनवर्गीय रसायने वाफ कोंडीत नाहीत, परंतु उघडी दरज त्यांनी बुजत नाही.

२००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी सांगलीकाठच्या पायऱ्यांवर गाळाचे थर चढले. असा गाळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतल्यास दरजांतील उरलासुरला चुनाही निघून जातो. म्हणून तो ओला असतानाच लाकडी खोरे व कुंचे यांनी काढणे श्रेयस्कर. दरजा भरण्याचे काम पावसाळ्यानंतर पाणी उतरल्यावर करतात. वाईकडे त्यासाठी धोम धरणातून पाणी सोडण्याच्या वेळाही पाहाव्या लागतात. दरज तिच्या रुंदीच्या सुमारे दुप्पट खोल खरवडून, धुऊन, ओलसर असतानाच चुना ठासतात व तो लवकर वाळू नये म्हणून काही दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवतात.